बिनकाट्याचा बेडूक

"उथळ पाण्यात शिसं नाही लावायचं, विनू. पाणी गुडघाभर. त्यात शिसं पडलं ठप्पकन, का साऱ्या डबरीले मालूम पडते का आलं कोणीतरी. बेडूक हलका पाहिजे. कमळाच्या पानावर पडला तरी पान हललं नाही पाहिजे. अन् काटा त्याच्या पोटात लपलेला, वर तोंड करून. नाहीतर मासा राहते बाजूले अन् जलकुंभीचा पालाच लागते हाताले. समजलं का?"

मला कशाला समजायला हवं होतं? मी माळ घातलेली बाई. मासा शिजवणंही सोडून किती वर्षं झाली होती. पण आमच्या ह्यांना गरीची तयारी करताना समोर कोणीतरी ऐकणारं लागायचं, आणि मी तांदूळ निवडत तिथेच बसलेली असायची. गरी म्हणजे काठी, दोरी, काटा सगळं मिळून. आमच्या वर्ध्याकडेही हाच शब्द आणि इथे रायपुरातही हाच. हे रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. आठवडाभर लोखंड आणि सुटीच्या दिवशी गरी.

त्यांचे हेच शब्द मी गेल्या आठवड्यात जसेच्या तसे माझ्या दिराला सांगितले. निरंजनला. हातानं ह्यांचा गरीच्या सामानाचा डबा दिला आणि तोंडानं विद्या दिली. डबा देणारा हात माझा, सांगणारं तोंडही माझं, हे मला ठाऊक आहे. तरी राग निरंजनवरच आहे, आणि तो कमी व्हावा म्हणून मी जपही करणार नाही.

आमचं घर पुरानी बस्तीत. मागच्या गल्लीतून उतरलं की डबरी, म्हणजे लहानसं तळं. बेलाची झाडं आहेत म्हणून बेलडबरी. पलीकडच्या काठाला कपडे धुण्याचे दगड, अलीकडे पायऱ्या. सगळ्यात खालची पायरी पाण्यात बुडालेली असते, ती माझी. रोज सकाळी पूजा झाली की कणकेच्या गोळ्या घेऊन मी तिथे जाते. एकेक गोळी, एकेक वेळा नाव. उठल्यापासून गोळ्या पाण्यात पडेपर्यंत माझं मौन असतं. हे सगळ्या पाऱ्याला, म्हणजे आमच्या मोहल्ल्याला, माहीत आहे. धुणं धुणारी शेवंता रस्त्यात भेटली की मला प्रश्न विचारते आणि उत्तरही तीच देते.

आम्हा नवरा-बायकोत एक ठरलेलं होतं. त्यांच्या गरीबद्दल मी बोलायचं नाही आणि माझ्या पायरीशी त्यांनी गरी टाकायची नाही. समोरच्या काठाला बसायचे, मोरपिसाची काडी पाण्यावर तरंगत ठेवून, आणि इकडून मी गोळ्या टाकायची. दोघांचेही मासे तेच. एकदा ओरडून म्हणाले होते, "तू पोसते अन् मी नेतो, विनू! देवाघरी हिशोब कसा व्हायचा?" मौन होतं म्हणून मी हसले नाही. पाठ फिरवून हसले.

पण पावसाळ्यात तेही समोरच्या काठाला बसत नसत. त्या दिवसांत मरळीची पिल्लं होतात. मरळ हा उथळ पाण्यातला, पानांखाली दबा धरणारा मासा. हातभर लांब, काळा, सापासारख्या डोक्याचा. पिल्लं मात्र लालभडक, आणि सगळी एका ठिकाणी गोळा होऊन पाण्याच्या वर वर असतात. वरून बघितलं की कोणीतरी पाण्यात लाल बुंदी सांडल्यासारखी दिसते. आमच्या पाऱ्यात तिला बुंदीच म्हणतात. खाली, दिसणार नाहीत असे, आई आणि बाप दोघं पहारा देतात. बुंदीपाशी काहीही आलं, बेडूक, कीडा, दुसरा मासा, तर ते खालून बाणासारखे येतात.

"तेव्हा मरळ भुकेनं तोंड नाही मारत," हे सांगायचे. "रागानं मारते. अन् रागानं तोंड उघडलं का काटा लागलाच समज. बुंदीवर बेडूक टाकून मरळ काढणं म्हणजे शिकार नाही. लहान लेकराच्या मायले शिवी देऊन भांडाले बोलावणं आहे."

मग काय करायचे? शाळा भरवायचे. जुन्या चपलेचं रबर कापून बेडूक बनवला होता, त्याचा काटा पकडीनं काढून टाकायचे आणि सकाळी सकाळी बुंदीवर तो बिनकाट्याचा बेडूक फेकायचे. मरळ यायची, तोंड मारायची, रबर चावून सोडून द्यायची. पुन्हा फेकायचे. पुन्हा यायची. दोन-तीन सकाळी असं केलं की मरळ शहाणी व्हायची. बेडूक डोक्यावरून गेला तरी नुसती खालून बघायची. मग कोणी कितीही महागाची गरी घेऊन येवो. पाऱ्यातले लोक हसायचे. "रामकृष्ण मास्तर, आज कितवीचा वर्ग?" हे म्हणायचे, "पहिलीचाच. तुमच्यावानी नापास झाले न."

शेवटच्या आजारात खाटेवरून एकदा म्हणाले, "माझ्यामागं शाळा बंद नको पाडू."

मी म्हटलं, "माझ्या हाताला काटा लागायचा नाही. नेम आहे माझा."

"काटा कुठं आहे त्यात? काढलेलाच असते न वं."

मी "बरं" म्हटलं. आजारी माणसाला आपण म्हणतो तसं. पण म्हटलं.

ते गेल्यावर पावसाळा आला तेव्हा डबरीवर कोणी गरीवाला फिरकलाच नाही. शाळेची गरज पडली नाही. बांबू ओसरीच्या आढ्याला टांगलेला होता, तसाच राहिला. डबा मी पुसून कपाटात ठेवला.

तो डबा न्यायला गेल्या आठवड्यात निरंजन आला. ह्यांचा धाकटा भाऊ. आमच्याच घरी राहून शिकला, माझ्या हातचं जेवून मोठा झाला. भोपाळला नोकरी लागली आणि नवं छत्तीसगढ राज्य झालं तेव्हा बदली मागून इथे आला. आता मंत्रालयात साहेब आहे, शंकर नगरात सरकारी बंगला आहे. पाच वर्षांत पुरानी बस्तीत किती वेळा आला ते मी सांगत नाही. गाडी गल्लीत शिरत नाही म्हणे.

"वहिनी, दादांचा डबा आहे ना? आमच्या साहेबांना फिशिंगचा शौक आहे. मी म्हटलं, आमच्या दादांइतकं रायपुरात कोणालाच येत नव्हतं." असं म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. खरंच आले. म्हणून मी डबा दिला. भावाची आठवण म्हणून मागतोय असं वाटलं मला.

"उथळ पाण्यात काय लावायचे ते?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. शिसं नाही, बेडूक हलका, काटा पोटात लपलेला. मीही बोलत गेले. दोन वर्षांनी कोणीतरी त्यांच्याबद्दल विचारत होतं.

"पण आता सावन लागला आहे," मी म्हटलं. "आता गरी नको धरू."

"सावन हिंदीवाल्यांचा, वहिनी. आपला अजून आषाढ आहे."

हे इथलं जुनंच आहे. इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला बदलतो, आपला अमावास्येला. त्यामुळे इथे सावन लागतो तेव्हा आपला श्रावण पंधरा दिवस लांब असतो. मी दोन्ही पाळते. आधी त्यांचा सुरू होतो तेव्हापासून शेवटी आपला संपतो तोपर्यंत. दीड महिना होतो, देवाची तक्रार नाही, माझीही नाही. पण निरंजनसारखेही आहेत. खायचं असलं की ह्या पंधरा दिवसांत ते मराठी असतात आणि शेवटच्या पंधरा दिवसांत, हिंदीवाल्यांचा सावन संपला की, छत्तीसगढिया होतात. मी हसून सोडून दिलं. तेही सोडायला नको होतं.

गुरुवारी कसलीशी सुटी होती. मी नेहमीप्रमाणे वाटी घेऊन डबरीवर उतरले तर माझ्या पायरीवर निरंजन उभा. अर्धी चड्डी, टोपी, पायात बूट. माझ्या पायरीवर बूट! बाजूला ह्यांचा डबा उघडा पडलेला. त्याची मुलगी राधिका कॅमेरा घेऊन वरच्या पायरीवर बसलेली, कॉलेजात जाते ती. आणि पायरीपासून दोन हातांवर पाण्यात बुंदी. तीन दिवसांपासून मी ती रोज बघत होते. लाल, गोल, वर-खाली होणारी.

मी हात हलवला. नको, नको.

"या वहिनी!" निरंजन म्हणाला. "राधिका, तुझ्या मोठ्या आईचं मौन असतं या वेळेला. बोलू नको त्यांच्याशी."

मी पुन्हा हात हलवला. बुंदीकडे बोट केलं, त्याच्याकडे केलं, वर घराकडे केलं. जा म्हणून.

"हो हो, दिसली मला. काय सुंदर आहे ना? तुमचं चालू द्या, वहिनी. टाका गोळ्या. मी मध्ये येत नाही."

आता तुम्हीच सांगा मी काय करायचं होतं. बोलायचं तर आधी गोळ्या पाण्यात जायला हव्यात. गोळ्या टाकल्या की लहान मासे तुटून पडतात, सगळी पायरी उकळते, ते बुंदीपर्यंत जातात आणि मरळ पिसाळते. मग तिला बेडूक काय आणि काही काय. म्हणजे माझं तोंड उघडायचं तर मीच तिला गळाशी हाकलत न्यायचं. मी वाटी छातीशी धरून उभी राहिले. मौन मोडावं असं मनात आलं नाही असं नाही. आलं. पण इतक्या वर्षांची जीभ, ती हललीच नाही.

त्यानं बेडूक फेकला. चपलेचा नव्हे, परदेशातून आणवलेला, पिवळ्या पोटाचा. अगदी हलका पडला. पान हललं नाही. बरोबर बुंदीच्या कडेला. शिकवलं होतं ना मी.

पाणी एकदा उसळलं, सुटलं. "अरे!" निरंजन म्हणाला आणि पुन्हा फेकला. दुसऱ्यांदा पाणी फाटल्यासारखं झालं, काठी वाकली आणि मरळ पायरीवर आली. आपटत होती. त्यानं तिच्या डोक्यावर बूट दाबला.

"राधिका, फोटो! फोटो काढ!"

"पापा, पैर तो हटाओ, फोटो में जूता आ रहा है."

मी गोळ्या न टाकता परत फिरले. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. गोळ्या पाण्यात पडल्या नव्हत्या, म्हणून मौन सुटलं नव्हतं. दारात बसून राहिले, गॅस लावला नाही. त्यांची गाडी गेल्याचा आवाज आला तेव्हा पुन्हा उतरले. बुंदी तिथेच होती, पण गोल राहिली नव्हती. फाटून दोन-तीन तुकडे झाले होते आणि लहान मासे कडेकडेनं पिल्लं उचलत होते. तेवढ्यात खालून दुसरी मरळ सर्रकन आली, त्यांना हाकललं, तुकड्यांभोवती एक फेरी मारली, पुन्हा खाली गेली. पुन्हा आली. एकटीला दोन्ही बाजू होत नव्हत्या.

मी पायरीवरून नाही, लांब पलीकडे धुण्याच्या दगडावर जाऊन सगळ्या गोळ्या एकदम ओतल्या. म्हणजे लहान मासे तिकडे यावेत. नाव घेतलं का? आठवत नाही. मौन सुटलं तेव्हा पहिला शब्द निघाला तो "मेला!"

शेवंता शेजारच्या दगडावर चादर आपटत होती. तिचा हात वरच थांबला. "दीदी! तुम्ही गाली देऊन राहिले?"

मी वाटी पाण्यात बुडवून विसळायला लागले.

"हव दीदी, अउ दे, आणखी दे! सकाळी काहून नाही दिली? मी पाहून राहिली होती न इथून. तो साहेब तुमच्या पायरीवर मासा मारून राहिला अन् तुम्ही वाटी धरून उभ्या. मले वाटलं आरती ओवाळता का काय त्याची."

"मौन होतं, शेवंता."

"मौन!" तिनं चादर दगडावर अशी आपटली की पाणी माझ्या तोंडावर उडालं. मग पाठ फिरवून पिळायला लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी रिक्षा करून शंकर नगरात गेले. फाटकाशीच तळलेल्या मासळीचा वास आला. निरंजनची बायको नागपूरला गेलेली. स्वयंपाकी तळत होता, राधिका टीव्हीसमोर, आणि निरंजन टेबलावर त्याचे बेडूक मांडून बसला होता. हिरवे, काळे, पिवळ्या पोटाचे. मध्ये ह्यांचा डबा, त्यात कोणीतरी कांद्याची सालं टाकलेली.

"वहिनी! अहो फोन करायचा, गाडी पाठवली असती. तुमच्यासाठी पनीर करायला सांगतो, वेगळ्या कढईत."

"ती पिल्लं राखत होती, निरंजन."

"कोण?"

"मरळ."

तो हसला. "वहिनी, मासा आहे तो. मासा पिल्लं राखतो म्हणून आपण काय पाळणाघर काढायचं?"

"तुझा दादा बुंदी दिसली की दोरी गुंडाळायचा."

"दादाचं वेगळं होतं. दादाच्या डोक्यावर साहेब नव्हता."

"फोरमन होता. तोही मरळ मागायचा. ह्यांनी दिली नाही कधी."

"म्हणूनच फिटर राहिला," निरंजन म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला. ज्या माणसानं ओव्हरटाइम करून ह्याच्या कॉलेजची फी भरली, त्याच्याबद्दल. आणि समोर त्याचाच डबा.

मला ओरडता येत नाही. लहानपणापासून येत नाही. राग आला की माझा आवाज आणखी खाली जातो आणि समोरच्याला वाटतं, बाई नरमली. निरंजनलाही तसंच वाटलं. तो जवळ सरकला.

"रागावू नका, वहिनी. फक्त हा रविवार. साहेबांना घेऊन येतो. तेही मराठी, इंदूरचे. त्यांचाही आषाढच आहे. सोमवारी अमावास्या, मंगळवारपासून श्रावण. मग ते अंड्यालाही हात लावत नाहीत, गरी तर लांबच. आणि श्रावण संपेपर्यंत पिल्लं मोठी होऊन पांगतात. तेव्हा संधी आहे ती ह्याच रविवारी. दुसरी मरळ तिथेच आहे, मी बघितली. साहेबांच्या हातून ती लागली ना, की मंत्रालयात माझी खुर्ची पक्की."

"त्या पायरीशी येऊ नकोस."

"अहो, तुमच्या वेळेत नाही येणार. तुम्हाला त्रास नाही." मग त्याला काहीतरी सुचलं. चेहरा उजळला. "नाहीतर असं करा ना, वहिनी. रविवारी तुम्ही जरा आधी येऊन गोळ्या टाका. मासे जमतात, मरळ चिडते, बघितलंय मी. साहेबांना सोपं जाईल. आणि तुमचा नेमही होईल. दोन्ही काम."

माझ्या कानात शिटी वाजल्यासारखं झालं. माझ्या गोळ्या. एकेक गोळी, एकेक नाव. ते ह्यानं चारा म्हणून धरलं. मी उठून त्याच्या तोंडात मारली असती. देवाशपथ मारली असती. हात उचललाही, आणि तेव्हाच, का कोण जाणे, ह्यांचा आवाज ऐकू आला: रागानं तोंड उघडलं का काटा लागलाच समज. मी उचललेला हात टेबलावर ठेवला.

"साहेबांना कोणता देशील?" मी विचारलं.

"काय?"

"बेडूक. रविवारी."

तो खूश झाला. वहिनी वळल्या असं वाटलं त्याला. "हाच! पिवळ्या पोटाचा. आज ह्यानंच लागली ना. साहेबांकडेही असलाच आहे, माझ्याकडे तीन आहेत. बघा, तुम्ही सांगितलं तसाच. शिसं नाही, हलका, दोन्ही काटे पोटाला चिकटलेले. कमळातून ओढला तरी अडकत नाही."

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचाच. निरंजन उभा राहून बोलायला लागला, "जी सर, जी सर, बिलकुल सर."

मी पिवळ्या पोटाचा एक बेडूक उचलला. "हा मी नेते, निरंजन," असं म्हटलं. माझ्या आवाजात म्हटलं. त्यानं ऐकलं नाही, तो माझा दोष नाही. मी सांगून घेतला. मग ह्यांच्या डब्यातली कांद्याची सालं त्याच्या टेबलावर झटकली आणि डबाही काखेत घेतला.

राधिका बघत होती. फाटकापर्यंत माझ्या मागे आली.

"बड़ी माँ, आप मछली पकड़ोगी?"

"नाही. शिकवणार आहे."

"किसको?"

"मरळीला. असला बेडूक दिसला की तोंड बंद ठेव म्हणून."

तिला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं मागे वळून घराकडे बघितलं. "पापा को बोलूँ क्या?"

"मी बोलले आहे त्याला. त्याला पुन्हा ऐकायचं असेल तर सांग. आणि हेही सांग, त्याच्या घरात मराठी बोललेलं कोणाला ऐकू येत नाही, आणि आषाढ तेवढा मराठी."

"मैं समझती तो हूँ न," राधिका म्हणाली, जरा लागल्यासारखी. मग मला रिक्षात चढताना हात दिला.

घरी आल्यावर मी स्टूल ठेवून आढ्याचा बांबू काढला. निरंजननं त्या दिवशी बघितला होता आणि म्हणाला होता, ही काडी काय कामाची, माझ्याकडे मशीनवाली आहे. हे म्हणायचे, उथळ पाण्याला मशीन कशाला पाहिजे? लांब फेकायचं असेल तर मशीन. जवळचं पाणी असलं, तर बांबूच बरा. आवाज नाही, सावली बारीक, आणि बेडूक जिथे मनात आहे तिथेच पडतो.

डबा उघडून बसले. आधी हातात आला तो चपलेचा काळा बेडूक. त्याच्या पाठीवर मरळींच्या दातांच्या खुणा आहेत, किती वर्षांच्या कोण जाणे. थोडा वेळ धरला आणि बाजूला ठेवला. मरळीला जे रविवारी दिसणार तेच आज दिसलं पाहिजे. काळा बेडूक शिकवून तिला पिवळ्याचं काय कळणार? दोरीचंही तसंच. बांबूला बांधलेली जुनी दोरी पांढरी, बारीक. निरंजनची जाड आणि हिरवी. डब्यात हिरवीचा एक तुकडा गुंडाळलेला सापडला, त्याचाच असेल. तो बांबूच्या टोकाला बांधला, बांबूएवढाच लांब ठेवला. शिसं नाही लावलं. गाठ त्यांनी दाखवली होती तशी, वेढे देऊन, थुंकी लावून ओढायची. थुंकी मी लावली नाही, पाणी लावलं. तेवढा नेम राहू दे.

मग काटे. दोन होते, पोटाला चिकटलेले, टोकं वर. मी काट्याला कधी हात लावला नव्हता. पकड घेतली आणि पहिला काटा कापला. तो सुटून भिंतीवर जाऊन टणकन वाजला. दुसरा घट्ट होता. त्याला पिळताना माझ्या तोंडून पुन्हा तो धुण्याच्या दगडावरचा शब्द निघाला, आणि ह्या खेपेला जरा मोठ्यानं. काटा तुटला. बोटाला रक्त आलं होतं. मी हात धुतला, पट्टी बांधली आणि प्रायश्चित्त वगैरे काही केलं नाही.

देवापुढे दिवा लावला तेव्हा एवढंच सांगितलं: शुक्रवार, शनिवार माझं मौन नेहमीसारखं. रविवारी नाही. रविवारी मी उठल्यापासून बोलणार आहे. आधीच सांगून ठेवते, नंतर रुसायचं नाही.

आज शुक्रवार. आंघोळ झाली, पूजा झाली, गोळ्या वळल्या. आज त्या पायरीवर नाही टाकायच्या. आधी शाळा, मग पलीकडे धुण्याच्या दगडापाशी गोळ्या. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात बांबू, बेडूक पदराच्या टोकात बांधलेला. राग तसाच आहे. रात्रभर झोपूनही तसूभर कमी झाला नाही. असू दे, वाटेत सोबत होईल.

गल्लीच्या तोंडाशी शेवंता डोक्यावर गाठोडं घेऊन उभी होती. तिनं बांबू बघितला. माझं पट्टी बांधलेलं बोट बघितलं. नेहमीसारखा प्रश्न विचारला, "दीदी, आज मास्तरची शाळा का?" आणि उत्तरही तिनंच दिलं. "हव. चला, मी गाठोडं ठेवते अन् वर उभी राहते. कोणी आलं तर मी बोलीन. मले कुठं मौन आहे."

मी मान हलवली आणि पायऱ्या उतरायला लागले, पाण्याला चाहूल लागू नये अशी.